घर जोडप्याला मिळायचं

आमचं घर फुकट आहे, असं अब्बा गावी फोनवर सांगत. फुकट काही नव्हतं. आखातातल्या बुदैयाकडच्या त्या बागेत पगार एकट्या अब्बांचा, पण पंपाशेजारच्या दोन खोल्या जोडप्यालाच मिळत. गड्याने खजुरीची झाडं बघायची, बायकोने अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, गायींच्या धारा काढायच्या. बायकोचे हात थांबले की घर सोडायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी अम्मीची बोटं सुजून वाकडी झाली. मूठ मिटेना. मग पहाटे धार मी काढू लागले. गायी तिच्या सवयीच्या, मला पान्हा सोडत नसत. म्हणून मी तिची न धुतलेली ओढणी डोक्यावरून घ्यायचे आणि ती शेजारी बसून गायीशी बोलायची. मुकादम दूध न्यायला यायच्या आत आम्ही जागा बदलायचो. त्याला संशय असावा. एकदा अब्बांना म्हणाला, तुझी बायको हल्ली चहाचा कपही दोन हातांनी धरते. अब्बा हसले. म्हणाले, आमच्याकडे अदब आहे.

शेवटचा पेपर सखीरला, विद्यापीठात, सकाळचा. बस पहाटेच गाठावी लागे. मी जात नाही म्हणून अडून बसले, तशी अम्मी भडकली.

"गायी पिळायला शिकवलं काय तुला? जा. आज मी बघतंय."

गेले. परत आले तर गोठ्याच्या दारात सगळे उभे. धार पुरी निघाली नव्हती. कास तटून गाय लाथा झाडत होती आणि नेमका अरबाबचा मुलगा आलेला. तो ओरडला नाही. अम्मीचे हात बघितले, डॉक्टरकडे न्या म्हणाला, आणि मुकादमाला दुसरं जोडपं बघायला सांगितलं. खलास.

आम्ही भांडी बाहेर काढत होतो तेव्हा नवं जोडपं गाद्या घेऊन भिंतीच्या सावलीत बसलं होतं. बाई माझ्याच वयाची. तिने हिंदीत विचारलं, गायी मारक्या आहेत का? नाहीत, अम्मी म्हणाली, हात तेवढे सांभाळ.

अब्बांना मजुरांच्या खोलीत खाट मिळाली. अम्मीचा व्हिसा गोठ्याच्या कामाचाच, तिला रत्नागिरीला पाठवावं लागलं. मी शहरात, उम्म अल हस्समला, मैत्रिणींच्या फ्लॅटमध्ये गेले. पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. अम्मीला फोनवर सांगितलं. मग मावशीचा आवाज आला, ऐकलंन हो तिने, फोन मीच धरलाय.