फेट्याचं दुसरं टोक

प्रेम म्हणजे गोडगोड बोलणं, अशी माझी आपली समजूत होती. लग्न होऊन उत्तरेकडे, शिंदे सरकारच्या राजधानीतल्या शिंदे की छावनी या मोहल्ल्यात आले आणि पहिल्याच सकाळी ती मोडली. माझे चुलतसासरे कान्होजीकाका आणि विजयाकाकू उठल्यापासून भांडायचे. चहा पांचट झाला, मिशी वाकडी कापली, काहीही पुरायचं. मी म्हटलं, झालं, कुठं येऊन पडले बाई.

पण काका पलटणीत निघायची वेळ झाली की दोघं गप्प. काका संस्थानच्या फौजेत जमादार. फेटा बांधायचा तर त्या लांबलचक कापडाचं दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. ते काम काकूंचं. कापड डोक्याला गुंडाळलं जाईल तशा त्या एकेक पाऊल पुढे यायच्या, शेवटी अगदी समोर. मग तुरा सरळ करून म्हणायच्या, "जा आता."

पुढे संस्थान विलीन झालं. फौज दिल्लीच्या फौजेत मिळाली, तरण्यांना ठेवलं आणि पिकल्या मिशांना घरी पाठवलं. काका आले ते खाटेवर पडले. जेवेनात, बोलेनात. काकूंनी भांडूनही पाहिलं, तर उलट उत्तर येईना. मला तेव्हा खरी भीती वाटली. वैद्य म्हणाले, माणसाला उठायचंच नसेल तर मी काय करू? म्हातारा हातचा चालला, हे सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी काकूंनी खळ घातलेला फेटा काढला. एक टोक काकांच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं धरून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. चूल विझली, दूधवाला हाका मारून गेला. माझा नवरा श्रीपाद वैतागून म्हणाला, "काकू, रहने दो ना. आता कुठं जायचंय त्यांना?" काकूंनी टोक सोडलं नाही. मग रोज हेच. मला तर रागच यायचा. आजारी माणसाचा हा कसला छळ?

एके दिवशी उभ्या उभ्या काकूंचा हात थरथरायला लागला. त्यांनी तो खाली घेतला नाही. ती थरथर कापडातून काकांना लागली असावी. त्यांनी डोळे उघडले.

"हात दुखत असेल तुझा."

काकूंनी टोक आणखी ताणलं.

"खाली घे की."

मग काका कोपरावर रेलले, बसले, भिंतीला धरून उभे राहिले. तिचा हात खाली यावा, एवढ्यासाठी तो माणूस उठला. फेट्याचे पीळ बसत गेले, काकू पावलापावलानं पुढे आल्या. तुरा सरळ करून म्हणाल्या, "नया बाजारातून मेथी आणा."

काका काठी टेकत गेले आणि पिशवी विसरले. परत आले ते फेट्याचं पाठीवरचं टोक पुढे घेऊन, त्यात चिखलासकट मेथी बांधून.

काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, कालच खळ घातली होती! अक्कल पलटणीतच ठेवून आलात का?"

"मग पिशवी द्यायची होतीस," काका म्हणाले.

काकू थांबल्या. दाराकडे वळून त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि पुन्हा सुरू झाल्या. दोघं जेवायच्या वेळेपर्यंत भांडले. मी मेथी निवडत ऐकत होते. इतकं सुंदर मी जन्मात काही ऐकलं नव्हतं.