बघून लिहिणारी

"उभी राहा. मोठ्यानं सांग, कुणाचं बघून लिहिलंस?"

मॅडमच्या दोन हातांत दोन पेपर होते. एक माझा, एक माझ्या शेजारणीचा. शेवटचं गणित दोघींचं सारखं. पायरी न् पायरी सारखी. कुणी कुणाचं बघितलं, हे आधी विचारायचं असतं ना? विचारलंच नाही. तिचे बाबा शहरात डॉक्टर. मी दाभोशाच्या आदिवासी पाड्यावरची, आश्रमशाळेतून आलेली. झाला की निकाल!

गणित मी सोडवलं होतं. सोडवून बघते तर शेजारीण अडकलेली, डोळ्यांत पाणी. मी पेपर तिच्याकडे सरकवला. आमच्याकडे आवणीला बाया एका ओळीत भात लावतात. एखादी हळू पडली तर शेजारची तिच्याही पट्ट्यात चार रोपं खोवते. नाही खोवली तर बोलणी बसतात. आश्रमशाळेतही आम्ही असेच शिकलो. ज्याला आलं त्यानं शेजारच्याला सांगायचं. तिथं मी पहिली यायचे, म्हणून तर सरकारी खर्चानं मला या शहरातल्या मोठ्या शाळेत धाडलं. इथं चाचणीत सांगणं गुन्हा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी शेजारणीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

"बोल!"

"मी बघून लिहिलं," मी म्हणाले.

वर्ग हसलासुद्धा नाही. कुणाला नवल वाटलंच नाही, तेच जास्त लागलं.

मग मॅडमनी पद्धतच पाडली. दर चाचणीनंतर मला त्या शेजारणीजवळ उभं करायचं. "हिच्याकडे बघ आणि स्वतःकडे बघ." बघितलं. तिचं इंग्रजी बघितलं, तिचे बूट बघितले, तिचं न घाबरता हात वर करणं बघितलं. हळूहळू डोक्यात किडा शिरला. ते गणित खरंच मी सोडवलं होतं? की बघितलंच असेल? खरं सांगते, मला आठवेना. येत असलेलं गणितही मी खोडायचे आणि शेजारी डोकवायचे. त्यांनी मला 'बघून लिहिणारी' नाव ठेवलं आणि मी त्या नावाला जागले.

दिवाळीला घरी गेले. आई नागलीची भाकरी थापत होती.

"काय झाला तुला? बोलत का नाय?"

"मला काय येत नाय, आई. मी ढ आहे."

आईचा हात थांबला. "कोण बोलला?"

मॅडमचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण आत्ता तर मीच बोलले होते. माझ्या घरात, माझ्या तोंडानं. असा संताप आला, असा संताप! त्यांचा आणि माझासुद्धा.

सुट्टीनंतरच्या चाचणीत मी मान वळवलीच नाही. मार्क पडले शेजारणीपेक्षा जास्त. मॅडमनी पेपर वर धरला.

"या वेळी कुणाचं बघितलंस?"

मी फळ्यापाशी गेले आणि खडू उचलला.

"नवीन गणित घाला मॅडम. आत्ता सगळ्यांसमोर सोडवते."

"जागेवर जा."

"मागचं पण मीच सोडवलं होतं. कबूल केलं ते खोटं होतं."

मॅडमनी गणित घातलं नाही. शेजारणीनं तेव्हाही मान खाली घातली.

आज मी मोखाड्याकडच्या एका शाळेत गणित शिकवते. लोक म्हणतात, सुटली पोरगी. कसली सुटतेय! अजून उत्तर बरोबर आलं की आधी मनात येतं, कुणाचं बघितलं मी? फळ्यावर लिहीत असले की मॅडमचा तो आवाज मानेपाशी येऊन उभा राहतो. तो जायचा नाही, हे आता मला कळून चुकलंय.

परवा तपासणीला साहेब आले. वर्गात उभे राहून, पोरांच्या देखत म्हणाले, "हुशार पुढं घ्या, ढ मागं बसवा. म्हणजे आम्हालाही कळतं, कोण किती पाण्यात आहे."

कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तरी पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, दप्तर उचललं आणि आपणहून मागं निघाली.

मी तिचा हात धरला. तिला होती तिथंच बसवलं.

"साहेब, या वर्गात कुणी उठणार नाही. मी आहे तोवर नाही. काय लिहायचं ते लिहा."