कात्रीनं कापलेल्या गोळ्या

शिकवल्यानं माणूस बदलतो, यावर माझा आता काडीचाही विश्वास उरलेला नाही.

म्हैसूरच्या एका कॉलेजात मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, शिकवते. पुस्तकातलं कुणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून यंदा मुलांना म्हटलं, घरात ज्या गोळ्या पडल्या असतील त्या आणा, त्यांच्यावरूनच शिकू. त्यांनी आणल्या, तर जवळजवळ सगळे पट्टीचे कात्रीनं कापलेले तुकडे! इथे नजरबादपासून टी. नरसीपूरपर्यंत कुठलाही मेडिकलवाला मागाल तेवढ्या गोळ्या कापून देतो आणि औषधाचं नाव दुसऱ्याच तुकड्यावर राहतं. कसली गोळी, विचारलं की उत्तर एकच: "तापाची."

मी भडकले. मग घसा बसेपर्यंत सांगितलं, अँटिबायोटिक अर्धवट सोडलं की उरलेले जंतू शिरजोर होतात, पुढे त्या औषधाला जुमानत नाहीत. परीक्षेत एका मुलीनं हेच इतकं नेमकं लिहिलं की मी पैकीच्या पैकी मार्क दिले, तिचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वाटलं, चला, एक तरी पोरगी शिकली.

गेल्या आठवड्यात तीच मुलगी तापातून उठून वर्गात आली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं म्हणाली. मी विचारलं, "सगळ्या गोळ्या घेतल्यास ना?"

"दोन दिवसांत बरं वाटलं, मॅडम. उरलेल्या रूममेटला दिल्या, तिलाही ताप होता. वाया कशाला घालवायच्या?"

आणि ती शाबासकीची वाट बघत उभी राहिली.