न पुसलेली नळी

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात गाद्या भरणाऱ्या गुलाम नबींना मी लहानपणापासून नबीचाचा म्हणतो. माणूस हाताचा चोख. त्यांनी भरलेल्या गादीत दहा वर्षं कापसाचा गोळा व्हायचा नाही. पण स्वतःच्या शहाणपणाचा त्यांना भारी गर्व, आणि त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण गुडगुडीचं. "बिडी छाती जाळती. हिचा धूर पाण्यात धुऊन येतो," असं ते सांगायचे आणि दिवसातून तीनदा पाणी बदलायचे. धूर काय सदरा आहे धुवायला? पण माझ्या वडिलांना, किशनरावांना, ते पटलं होतं.

वडील रोज दुपारी चाचांच्या दुकानात जायचे. त्यामागे तंबाखूपेक्षा मोठं कारण होतं. आम्ही बौद्ध. वडिलांच्या लहानपणी हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर, वेगळी ठेवलेली असायची. चहा पिऊन त्यांनीच ती धुवायची. पुढे विशीत असताना नबीचाचांनी आपल्या तोंडातली नळी न पुसता त्यांच्या हाती दिली. तेव्हापासून दोघांत एकच नळी, आणि ती कोणी पुसायची नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा नेम चालला.

गेल्या वर्षी चाचांना खोकला लागला. कापसाची धूळ असेल म्हणून त्यांनी दोन महिने काढले. थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा कनीजचाचींनी त्यांना हिंगोलीला नेलं. टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की गुडगुडी बंद. पाण्यानं धुरातलं विष जात नाही. तासभर ओढली तर कितीतरी सिगारेटींचा धूर छातीत जातो. आणि आम्ही सांगेपर्यंत कोणाला जवळ बसवू नका, नळी तर मुळीच देऊ नका.

दुसऱ्या दिवशी वडील नेहमीसारखे गेले. चाचींनी आतून दोनदा खुणावलं. पण किशनरावांना 'माझ्या नळीला तोंड लावू नको' म्हणायचं कसं? चाचांची जीभ रेटेना. त्यांनी गुडगुडी भरली, एक झुरका घेतला आणि नळी पुढे केली. असे वीस दिवस गेले. हे चाचींनीच मला नंतर रडत रडत सांगितलं.

थंडीत वडिलांना खोकला लागला. तोच आजार. धुरानं छाती आधीच पोखरलेली. औषध सुरू झालं तरी श्वास पुरेना. तेव्हा चाचा घरी आले, दारातच बसले आणि सगळं सांगून टाकलं.

"काहून न्हाई सांगितलं?" मी ओरडलोच. वडिलांनी हात वर करून मला थांबवलं.

"सांगितलं असतं तर मला राग आला असता, नबी," ते थांबत थांबत म्हणाले. "लई आला असता. चार दिस तुझ्या दुकानाकडं फिरकलो नसतो. पाचव्या दिशी आलो असतो."

चाचा तोंडावर रुमाल धरून रडले. नवव्या दिवशी वडील गेले.

मला चाचांचा राग आहे, खोटं कशाला बोलू? आता ते बरे झालेत. तपासणीत काही निघत नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलंय. तरी दुकानात कोणीही आलं की ते आधीच म्हणतात, "जरा दूर बसा, मला टीबी झालता." परवा मी गादी भरायला टाकायला गेलो आणि मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. ते हातभर सरकले. मी पुन्हा जवळ गेलो, तर उठून उभेच राहिले.

"धम्मानंद, तिकडं बस," ते म्हणाले. "राग आला तर येऊ दे."