नेरकरांचा कंडेन्सर

दीनानाथ नेरकर चुकत नाहीत. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणतात. सोळा वर्षं रोज सकाळी मंगाफ ते मीना अब्दुल्ला एकाच गाडीतून जाताना मी ते ऐकलंय. गाडी माझी, पेट्रोल माझं, पण एसी किती ठेवायचा ते नेरकर ठरवणार. ते रिफायनरीत डिस्टिलेशनचे इंजिनिअर, मी इन्स्ट्रुमेंटवाला. म्हणजे तापमान मी मोजायचं आणि ते बरोबर की चूक हे त्यांनी सांगायचं.

माणूस मूळचा नाशिकचा, कुवेतला चोवीस वर्षं राहिला. इथल्या ऑगस्टात गार पाण्याच्या नळाला जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकली की काम भागतं. आम्ही लोक उन्हाळ्यात गिझर बंद करतो आणि त्यातलं पाणी अंघोळीला घेतो, कारण गच्चीवरच्या टाकीपेक्षा घरातला गिझर गार. अशा मुलखात तेलाची वाफ थंड करून तिचं पुन्हा तेल करायचं, हे नेरकरांचं काम. वाफ थंड करणारा भाग म्हणजे कंडेन्सर. दर उन्हाळ्यात तो धापा टाकायला लागतो आणि दर उन्हाळ्यात नेरकर त्याच्यावर जादा पाणी, जादा पंखे, मिळेल ते लावायचे. चोवीस ऑगस्ट काढल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं, की कंडेन्सरला थंडी कधी जास्त होत नसते. हे वाक्य त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांनाही ऐकवलंय.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता. इथंच वाढली, शाळेत असताना मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. केमिस्ट्री शिकायला कॅनडाला गेली, आणि शिकून झाल्यावर ओंटारिओत दोन मैत्रिणींबरोबर कारखाना काढला. कारखाना कसला? गांजाच्या अर्काचा. तिकडं तो कायदेशीर आहे, सरकारी परवाना भिंतीवर लावलेला आहे. इथं मात्र त्या झाडाचं नाव फोनवर घेतलं तरी नेरकरांना घाम फुटायचा, एसी अठरावर असताना. म्हणून त्यांनी घरात फर्मान काढलं की त्या वस्तूला तुळस म्हणायचं. मंडळात बातमी गेली, नेरकरांची मुक्ता तुळशीचा अर्क काढते. झालं. दोन वर्षं नेरकरांच्या बायकोकडं, श्यामलावहिनींकडं, बायका खोकल्यासाठी एकेक बाटली मागत होत्या. एका काकूंना तर सासूबाईंच्या गुडघ्यासाठी हवी होती. वहिनी म्हणायच्या, सध्या स्टॉक नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत मुक्ताचा फोन आला. अर्क शुद्ध करायला डिस्टिलेशनचं मशीन घ्यायचंय, बाबा, तू सांग कुठलं घेऊ. त्या दिवशी नेरकर गाडीत असे बसले जणू त्यांना सरकारनं बोलावलंय. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मला तुळशीपुराण.

आता खरं ते सांगितलं पाहिजे, या माणसाला येतं. मुक्तापुढं दोन मार्ग होते. एक काचेचं छोटं मशीन. त्यात अर्क गोल चंबूत तासन्‌तास तापत राहतो आणि शेवटी करपट तपकिरी होतो. दुसरं स्टीलचं. त्यात अर्काचा पातळ थर गरम भिंतीवरून पुसला जातो, मिनिटभरात वाफ होते आणि मधल्या कंडेन्सरवर जमून खाली उतरते. नेरकरांनी क्षणात दुसरं सांगितलं. आतली हवा काढून घेतली की जड माल कमी उष्णतेवर उडतो, म्हणून पंप चांगला घे, त्याच्याआधी वाफ अडवणारा सापळा लाव, अर्कातलं मेण आधी काढून टाक नाहीतर सगळं बरबटेल, हेही सांगितलं. सगळं बरोबर. मग रिफायनरीच्या रिवाजानं तीन कंपन्यांची कोटेशनं मागवली आणि प्रत्येकीला त्रेचाळीस प्रश्न पाठवले. भूकंपात मशीन किती हलेल, हाही एक प्रश्न होता. एका कंपनीनं उत्तरच दिलं नाही, बिचारी.

उरलेल्या दोन कंपन्यांच्या कागदावर एक ओळ सारखीच होती. कंडेन्सरमधून साठ ते ऐंशी अंशांचं गरम पाणी फिरवावं.

नेरकरांनी तो कागद मला गाडीत दाखवला आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. कंडेन्सरला हीटर! ही काल दुकान थाटलेली पोरं, यांना काय कळतंय. लाल पेनानं ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, चिलर, पाच अंश. म्हणजे गरमच्या जागी बर्फासारखं पाणी. मी म्हटलं, नेरकर, दोघंही तेच लिहिताहेत म्हणजे काहीतरी असेल. त्यावर त्यांनी मला माझं खातं कुठलं त्याची आठवण करून दिली.

वहिनी तेव्हा संक्रांतीच्या वड्या थापत होत्या. मी तिळगूळ खायला गेलो होतो म्हणून मला माहीत. फोनवर मुक्ताला पाच अंश, पाच अंश चाललेलं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, की तो अर्क मधासारखा दाट असतो ना, मग गार नळीवर पाकासारखा घट्ट होऊन बसायचा नाही का? ताट गार असलं की माझ्या वड्या हलत नाहीत. नेरकर म्हणाले, श्यामला, हे स्वयंपाकघर नाही. उभे होते ते स्वयंपाकघरातच. वहिनी उलथनं घेऊन एक वडी खरवडत राहिल्या.

मुक्तानं बाबांचं ऐकलं. मशीन बनवणाऱ्यांनी हमीच्या कागदावर तशी नोंद करून घेतली, तरी ऐकलं. मार्चमध्ये पहिली मोठी ऑर्डर चढवली. वीस मिनिटं सगळं ठीक होतं, मग खाली उतरणारी धार बारीक झाली आणि थांबली. अर्क कंडेन्सरवरच गोठत गेला, थरावर थर चढला आणि शेवटी पुसणाऱ्या पात्यांना जाऊन भिडला. मोटर बंद पडली. तीन पोरी चार दिवस कोमट स्पिरिटनं ते मशीन आतून धूत होत्या, आणि ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडं गेली. मुक्ता भांडली नाही. तिनं एक मेसेज पाठवला, कंडेन्सर आता सत्तरवर आहे, चालतंय.

त्यानंतर तिनं बाबांना काही विचारलं नाही. फोन यायचे, जेवलास का, बीपीची गोळी घेतलीस का, एवढंच. नेरकर स्वतःहून पंपाचा विषय काढायचे, ती म्हणायची, ऑल गुड, बाबा. चूक झाली हे दोन शब्द बोलले असते तर पोरगी विरघळली असती. पण नेरकर मला सांगायचे, तिकडची हवाच वेगळी. मग एकदा वहिनींकडून कळलं की मुक्ता दुसरं मशीन घेतेय, आणि तेही परस्पर. त्या आठवड्यात नेरकरांनी गाडीत एसीला हातसुद्धा लावला नाही. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला.

जूनमध्ये ते रिटायर झाले. आमच्या मंडळाची एक रीत आहे. कुवेत सोडणाऱ्यानं निरोपाच्या कार्यक्रमात स्वतःची एक फजिती सांगायची. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, फहाहीलच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं बसलेली, नेरकर माइकपाशी गेले. म्हणाले, माझी अशी फजिती काही झाली नाही, म्हणून आमच्या जयदीपची सांगतो.

जयदीप म्हणजे मी.

आणि मग त्यांनी सगळी कहाणी सांगितली. तुळशीचा कारखाना, लाल पेन, पाच अंशांचा चिलर, पाकासारखा गोठलेला अर्क. फक्त सल्ला देणारा मी होतो, आणि नको नको म्हणणारे ते. हॉल हसून लोळला. वहिनींची ती पाकाची शंकासुद्धा त्यांनी स्वतःच्या नावावर घातली. मी बघत होतो, वहिनी पहिल्या रांगेत फोन समोर धरून बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

परतताना गाडी मी चालवत होतो, नेरकर शेजारी, हार आणि शाल मांडीवर. खूश होते. वहिनी मागून शांतपणे म्हणाल्या,

"अहो, मुक्ता व्हिडिओवर होती. पूर्ण ऐकलंय तिनं."

नेरकरांचा चेहरा उतरला. मांडीवरचा हार काढून त्यांनी पायाशी ठेवला. मग त्यांनी फोन काढला, गाडीच्या स्पीकरला जोडलेला आहे हे विसरून. तिकडं सकाळ होती, मागं मशीनचा आवाज येत होता.

"मुक्ता, पाच अंश मी सांगितले होते. तुझी आई नको म्हणत होती. चुकलं माझं."

तिकडं एक दार लागलं आणि मशीनचा आवाज थांबला. मला वाटलं, कट झाला.

"नव्या मशीनची कोटेशनं आलीत," ती म्हणाली. "पाठवू, बाबा?"

"पाठव. पण कंडेन्सरचं..."

"सत्तर, बाबा."

"सत्तर," नेरकर म्हणाले, आणि शालीनं नाक पुसलं. वहिनी मागं रडत होत्या, मी रस्त्याकडं बघत राहिलो.

आता ते नाशिकला असतात. मुक्ता रोज फोन करते, त्रेचाळीस प्रश्न आता तीच त्यांना विचारते म्हणे. मंडळाच्या ग्रुपवर मात्र अजून कुणीतरी अधूनमधून लिहितं, जयदीपराव, कंडेन्सर सांभाळा. काल पुन्हा एकानं लिहिलं. नेरकरांनी त्याला अंगठा दिला.