आईनं बाजूला केलेला पदर

मैत्रिणींनो, शिवायला टाकलेला ब्लाउज आज दुकानात घालून बघितला. शिवणारी मुलगी म्हणाली, "काकू, फोटो टाका ना फेसबुकवर. दुकान नवीन आहे, गिऱ्हाईकच नाही."

मला सत्तरच्या दशकातली आमची नाशिकरोडची चाळ आठवली. नवरा गेल्यावर शेजारच्या शकूमावशींनी शिलाई मशीन घेतलं, पण कापड कुणी देईना.

एरवी दोन्ही खांद्यांवरून पदर घेणारी माझी आई त्या संक्रांतीला पाठीवरचा पदर बाजूला करून घरोघरी हळदीकुंकवाला गेली. "शकूनं शिवलाय. बघा गं गळा!" कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी मी लाजेनं दाराआड उभी राहिले. पुढच्याच आठवड्यात मावशींच्या दारात चपला मावेनात.

आज मी त्या मुलीच्या हातात फोन दिला, तिच्याकडे पाठ केली आणि पदर बाजूला घेतला. फोटो खाली आहे.

बघा गं गळा!