रांगेतला सत्कारमूर्ती

बदलापूरच्या कुळगावातलं घर पप्पांनी विकत घेतलं तेव्हा मी शाळेत होते. घर आमचं झालं, पण सरकारी दप्तरात ते आधीच्या मालकाच्याच नावावर राहिलं. तो पुढं वारला, तरी त्याच्या नावाच्या नोटिसा आमच्याच दारात यायच्या. नवा पोस्टमन पप्पांनाच त्या नावानं हाक मारायचा आणि पप्पा ओ द्यायचे. म्हणायचे, "बिचारा त्याला आता कुठं शोधत बसेल?"

नाव बदलायचा अर्ज पप्पांनी कधीच दिला होता. कार्यालयातला क्लार्क म्हणाला, "काका, चहापाण्याचं जरा बघा." पप्पा खाली गेले आणि खरोखरच दोन कटिंग घेऊन आले. एक त्याला दिला, एक स्वतः प्यायले. अर्ज वर्षानुवर्षं तिथंच पडून राहिला.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासायचे. मापात न बसलेला तुकडा त्यांनी साहेबाच्या फोनवरूनही कधी पास केला नाही. मी उल्हासनगरला एका जीन्सवाल्या शेठकडे अकाउंट्स बघते. असली कामं कशी होतात ते मला पाठ आहे. मी एकदा म्हटलं, "मी देऊन टाकते, तुम्हाला कळणारही नाही." त्यावर पप्पा म्हणाले, "सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी पाकीट सरकवायचं? जमणार नाही." आणि ते दर सोमवारी चौकशीला जात राहिले.

एका संध्याकाळी तोच क्लार्क घामाघूम होऊन आमच्या दारात उभा.

"काका, जयभीम. मोठी अडचण झालीय. पारदर्शक कारभाराचा सप्ताह आहे. लाच न देता काम झालेला एक नागरिक स्टेजवर पाहिजे, असं वरून पत्र आलंय."

"मग?"

"मग काय, मिळेना. न देणारे आहेत, पण त्यांची कामं झालेली नाहीत. साहेब म्हणाले, तुमचं करून टाकू. उद्या काम, शुक्रवारी सत्कार."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. पप्पांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "माझ्या आधीचे अर्ज झाले?"

"ते कुठले व्हायला?"

"मग मधेच माझं करणं हासुद्धा भ्रष्टाचारच झाला. माझा नंबर आला की सांगा."

क्लार्क माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार? त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणी जेवायला उठलं नाही म्हणतात. पप्पांपर्यंत पोचायचं तर आधीचे सगळे अर्ज निकाली काढायला हवे होते. लोकांना फोन गेले, "तुमचं काम झालंय, काही द्यायचं नाही, येऊन कागद घेऊन जा." हे ऐकताच लोक फोन कापायला लागले. एकानं तर "मी सायबरवाल्यांना कळवतो" अशी धमकी दिली. शेवटी क्लार्क स्कूटरवरून कागद वाटत चामटोलीपर्यंत गेला. तिथं एका आजींनी त्याला पाहून दार लावून घेतलं. तो बाहेरून ओरडत होता, "आजी, मी सरकारी माणूस आहे, खरंच फुकट आहे!" हे त्यानंच नंतर आम्हाला रडवेल्या आवाजात सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी पप्पांचा नंबर आला. शुक्रवारी सत्कार झाला. पप्पांनी शाल घेतली नाही, गुलाबाचं फूल तेवढं घेतलं. साहेब म्हणाले, "आमच्याकडे कामं अशी होतात." मग पप्पांना माइक दिला. पप्पा सरळपणे म्हणाले, "माझं काम झालं, कारण तुम्हाला माझा सत्कार करायचा होता." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात साहेबच वाजवत होते. मला हसू आवरेना, आणि अभिमानही वाटत होता.

खाली उतरताना जिन्यात उल्हासनगरहून बदलापुरात राहायला आलेल्या एक सिंधी मावशी उभ्या होत्या. त्यांचा अर्ज पप्पांच्या लगेच मागं होता, आणि काम पप्पांपाशीच थांबलं होतं.

"भाईसाब, एक और अर्जी डाल दो ना," त्या हात जोडून म्हणाल्या. "सत्कार केलेल्या माणसाचं काम आता ते अडवणार नाहीत. तुमचा नंबर मागं गेला तर आमचं सगळ्यांचं होईल."

मागं आणखी दहा-बारा जण आशेनं बघत होते. पप्पा ओशाळले. "गरज नसताना अर्ज करणं म्हणजे खोटेपणा झाला हो, ताई."

मावशींनी जोडलेले हात खाली घेतले. पप्पांनाच ते लागलं असावं. घरी येऊन ते जेवले नाहीत, नाव बदलून मिळालेला नवा कागद घेऊन खिडकीशी बसले. थोड्या वेळानं त्यांनी मला मोठ्यानं हाक मारली. मी धावत गेले. वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या त्या कागदावर त्यांच्या आडनावात वेलांटी चुकली होती. पप्पांचा चेहरा इतका खुललेला मी पेन्शन सुरू झाली तेव्हाही पाहिला नव्हता.

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधीच मावशी आणि मंडळी हजर होती. त्यांनी पप्पांना आपल्या पाठीमागं, सगळ्यात शेवटी उभं केलं. खिडकीतून क्लार्कनं ती रांग पाहिली, शेवटी पप्पांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.